जुन्या कॉमिक्सवर मार्कर फिरवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत माळ्यावरची जुनी कॉमिक्स नव्यासारखी दिसावीत म्हणून काही घरगुती युक्त्या दिल्या होत्या. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडावी, उन्हात ठेवू नयेत, इथवर सगळे बरोबर होते. पण मुखपृष्ठावर जिथे रंग उडाला आहे तिथे जुळत्या रंगाचे स्केचपेन किंवा मार्कर फिरवावे, हा सल्ला वाचून आम्हा पुस्तकांची बांधणी करणाऱ्या आणि जुनी कॉमिक्स जमवणाऱ्या मंडळींना गप्प बसवले नाही. तो कुणी पाळू नये. का पाळू नये, आणि ज्या प्रतींवर आधीच कुणीतरी रंग फिरवून ठेवला आहे त्यांचे काय करावे, ते सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबणार आहे, तेवढे सांभाळून घ्यावे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अजूनही ट्रंकेतून, फडताळातून इंद्रजाल कॉमिक्सचे गठ्ठे निघतात. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने सुरू केलेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली, त्यामुळे जे आहे ते तेवढेच. नवे येणार नाही. १९६७ पासूनची अमर चित्र कथा आहेच. मागणी वाढली तशी रंगरंगोटीही वाढली. घरातला कुणीतरी हौसेने एका संध्याकाळी कणा, म्हणजे पिना मारलेली घडीची कड, काळा करतो, कोपरे लाल करतो, आणि मग ती प्रत विकायला निघते. दोन हात लांबून ती छान दिसते. हातात घेतली की नाही दिसत.

आधी जुन्या कॉमिकच्या कण्यावर दिसणारी पांढरी रेघ म्हणजे काय ते पाहू. मुखपृष्ठावरची छापील शाई म्हणजे कागदाच्या वर वाळलेला पातळ थर. कॉमिक शेकडो वेळा उघडले-मिटले की कण्यावर, विशेषतः दोन पिनांच्या आसपास, हा थर तडकतो आणि खालचे पांढरे तंतू उघडे पडतात. तिथे छापील थराचे संरक्षण उरलेले नसते, म्हणून तो भाग पाण्यासारखे काहीही लगेच ओढून घेतो. मार्करची शाई म्हणजे स्पिरिटात विरघळलेला रंग. टोक टेकवले की ती रेघेपुरती थांबत नाही. तंतूंच्या वाटेने बाजूच्या चांगल्या छपाईखाली शिरते आणि मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला ठिपक्यांच्या रांगेसारखी उमटते. अर्ध्या मिलिमीटरची रेघ झाकायला गेलेला माणूस दोन-अडीच मिलिमीटरचा डाग करून बसतो, आणि हा डाग रेघेसारखा नैसर्गिक झिजेचा नसतो.

रंग जुळत नाही, तो का, हेही समजून घ्यावे. इंद्रजालमधल्या वेताळाचा, म्हणजे फँटमचा, जांभळा पोशाख घ्या. छपाईत जांभळी शाई नसतेच. किरमिजी आणि निळसर शाईचे बारीक ठिपके एकमेकांवर आणि शेजारी पडतात, मधून कागदाचा पिवळटपणा डोकावतो, आणि डोळा त्याला जांभळे म्हणतो. मार्करचा जांभळा मात्र एकसंध असतो, ठिपके नाहीत, कागद नाही. घड्याळजीच्या दहापट भिंगाखाली दोन्हींतला फरक लहान पोरालाही सांगता येईल. वर आणखी एक अडचण: मार्कर-स्केचपेनमधले जांभळे आणि गुलाबी रंग प्रकाशाला फार कच्चे. आज बेमालूम वाटलेली जागा काही वर्षांनी फिक्कट निळी किंवा तपकिरी होते, आणि शेजारची छपाई आपल्या गतीने फिकटत राहते. काळ्या मार्करचेही तेच. जुना झाला की त्याच्यातून निळा, जांभळा किंवा तपकिरी डोकावू लागतो, कारण तो काळा बहुधा अनेक रंग मिसळून केलेला असतो. छापील काळा काजळीचा असतो, तो वर्षानुवर्षे काळाच राहतो.

आता कोणी कशाने रंगवले आहे ते ओळखणे. उपाय त्यावर ठरतो, म्हणून हे घाईने करू नये.

खिडकीजवळ बसा, ट्यूबलाइट बंद करा, आणि कॉमिक जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवर आडवे धरून उजेड तिरका पडू द्या. छापील भाग एकाच चकाकीचा दिसतो. पोस्टर कलर लावला असेल तर ती जागा मंद, खडूसारखी आणि किंचित उंचावलेली दिसते, कडेला बारीक भेगाही असतात. मार्करला तिरक्या उजेडात तांबूस किंवा जांभळट धातूसारखी झाक येते. रंगीत पेन्सिल मेणचट चमकते. बॉलपेनने काळे केले असेल तर कागदावर खाच असते, ती मागच्या बाजूने बोटाला लागते. ॲक्रिलिक प्लास्टिकच्या पापुद्र्यासारखे दिसते.

मग मुखपृष्ठ उघडून आतली बाजू पाहा. पिनांच्या भोवती आणि कोपऱ्यांवर मागून पाझरलेले ठिपके दिसले तर मार्कर नक्की. वरून शंका येणार नाही इतके सफाईदार काम केलेले असते तिथेही मागची बाजू बहुतेक वेळा चुगली करते. नंतर भिंग. ठिपके संपून सपाट रंग सुरू होतो ती सीमा शोधायची. सगळे मुखपृष्ठ तपासत बसायची गरज नाही. कणा, चारही कोपरे, काळ्या चौकटी, चिकटपट्टी ओढून काढल्याच्या जागा आणि जिथे कुणाचे नाव लिहिलेले असायची शक्यता आहे असा वरचा कोपरा, एवढे पाहिले तरी पुष्कळ. नाव झाकायला लोक खोडपट्टीची पांढरी शाई, म्हणजे व्हाइटनर, लावतात. ती पांढरी जुन्या कागदाच्या पांढऱ्याशी कधीच जुळत नाही.

अतिनील टॉर्चबद्दल बरेच गैरसमज आहेत. नोटा तपासायचा स्वस्त जांभळा टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरचा असतो. तो स्वतःच इतका जांभळा उजेड पाडतो की बारीक फरक बुडून जातात. ३६५ नॅनोमीटरचा घ्यावा. खोली पूर्ण काळोखी हवी, टॉर्च डोळ्यांकडे वळवू नये, आणि एका जागी काही सेकंदांपेक्षा जास्त धरू नये. जुना न्यूजप्रिंट, म्हणजे आतल्या पानांचा वर्तमानपत्री कागद, मंद पिवळट-तपकिरी दिसतो. फेविकॉलसारखा गोंद निळसर पांढरा उजळतो, आधुनिक पांढऱ्या कागदाचे ठिगळ तर झगझगीत निळे दिसते, कारण त्यात चकाकी आणणारी द्रव्ये असतात. मार्कर शेजारच्या छापील काळ्यापेक्षा वेगळाच, कधी जास्त गडद तर कधी लालसर, दिसतो. पण केवळ टॉर्चवर निकाल देऊ नये. भिंग, मागची बाजू आणि टॉर्च, तिन्ही एकच सांगत असतील तरच खात्री मानावी.

आपल्या भागातल्या लोकांना एक सोय अशी आहे जी पुण्या-मुंबईकडच्या संग्राहकाला सहज मिळत नाही. इथे एकाच गल्लीत एका घरी मराठी इंद्रजाल आणि शेजारच्या घरी त्याच अंकाची कन्नड आवृत्ती निघू शकते. अनेक भाषांत निघणाऱ्या कॉमिक्सच्या छपाईत रंगाच्या प्लेटी त्याच ठेवून फक्त काळ्या प्लेटवरची अक्षरे बदलायची, ही साधी आणि स्वस्त पद्धत. म्हणजे संशय असलेली मराठी प्रत आणि कन्नड प्रत शेजारी ठेवली की पार्श्वभूमीचा निळा नेमका कुठे संपतो, पात्राच्या खांद्यावर छाया आहे की नाही, कोपऱ्यात लाल होता की पांढरा समास होता, हे सरळ ताडून पाहता येते. इथे एक पथ्य पाळायचे. ताडायचा तो आकार, छटा नव्हे. छपाईच्या दिवशी शाई कमी-जास्त झाली, एक प्रत उजेडात आणि दुसरी ट्रंकेत राहिली, की छटा बदलतेच. तिच्यावरून कुणाला खोटे ठरवू नये.

तसेच रंगकाम वाटते पण नसते अशाही काही गोष्टी आहेत. वाचनालयाच्या प्रती पाच-सहा एकत्र बांधून, तिन्ही बाजूंनी कापून, कडांना लाल किंवा निळा रंग मारण्याची बांधणीवाल्यांची जुनी रीत होती. तो रंग पानाच्या कडेतून आत मिलिमीटरभर शिरतो. ही बांधणीची खूण आहे, हौशी रंगकाम नाही. प्रत कापलेली आहे हा तिचा खरा दोष. छपाईत रंगाच्या प्लेटी किंचित सरकल्या की चित्राच्या बाहेर लाल किंवा पिवळी किनार दिसते, तीही मूळचीच. सुरुवातीच्या अमर चित्र कथांत काही पाने मोजक्याच रंगांत छापलेली असत, आणि पोरांनी ती मोकळी पाहून खडूने भरून टाकलेली आढळतात. तो दोष म्हणून मोजावा, पण फसवणूक म्हणून नाही. झीज लपवायचा तिथे हेतू नसतो. लहान मुलाचा खडू रेषेबाहेर जातोच, त्यावरूनच तो ओळखू येतो.

आता मुख्य प्रश्न. रंग लावलेला सापडला, काढायचा कसा?

बहुतेक वेळा उत्तर आहे: काढू नका. हे ऐकून लोक नाराज होतात, पण लावलेला रंग जितके नुकसान करतो त्याहून जास्त नुकसान तो काढताना होते. घरात सहज मिळणाऱ्या वस्तूंचे एकेक सांगतो. नेलपॉलिश रिमूव्हरमधला ॲसिटोन मार्करबरोबर मूळ छपाईचा बंधही सैल करतो, आणि त्यातले तेल व वास कागदात मुरतात. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असते. ते उडून जात नाही, डाग ओलसर चिकट राहतो आणि धूळ धरतो. रंगवाल्याच्या दुकानातले मिथिलेटेड स्पिरिट मागे अवशेष ठेवते. ब्लीच किंवा पेरॉक्साइडने न्यूजप्रिंट क्षणभर पांढरा होतो. पण हा कागद लाकडाच्या लगद्यातला लिग्निन न काढता केलेला असतो. ब्लीचने त्याचे तंतू अशक्त होतात आणि पिवळेपणा परत येतो, तो आधीपेक्षा ठिसूळ कागदावर. आणि उन्हात ठेवून मार्कर उडवायची कल्पना तर अजबच. मार्कर फिका होईल, पण त्याबरोबर मूळचा पिवळा आणि किरमिजी आधी उडेल, आणि शेवटी निळी-काळी भुतासारखी प्रत हातात राहील.

काही थोड्या गोष्टी मात्र सावधपणे करता येतात.

रंगीत पेन्सिल चकचकीत मुखपृष्ठावर असेल तर पांढरा मऊ व्हिनाइल खोडरबर किसणीवर किसून त्याचा भुगा त्या जागेवर पसरावा आणि बोटाने अगदी हलके गोल फिरवावा. भुगा रंगीत झाला की झटकून नवा घ्यावा. खोडरबर थेट घासायचे नाही. आतल्या न्यूजप्रिंटच्या पानांवर हेही नको. तिथे तंतू लगेच उभे राहतात आणि छापील रंगही भुग्यात येतो.

पोस्टर कलर किंवा जलरंग हा डिंकासारख्या पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्याने धरलेला असतो. मुखपृष्ठाला वार्निशचा थर असेल आणि तो त्या जागी शाबूत असेल, तर रंग वरच बसलेला असतो. दातकोरणीच्या टोकाला कापसाचे चार तंतू घट्ट गुंडाळावेत, डिस्टिल्ड पाण्यात बुडवून टिपकागदावर दाबून जवळजवळ कोरडे करावेत, आणि रंगावरून एकदाच लाटल्यासारखे फिरवावे. घासायचे नाही, फक्त फिरवायचे. लगेच टिपकागद दाबून ओल काढावी. प्रत्येक फेरीला नवा कापूस. पाणी नळाचे घेऊ नये, मग ते राकसकोप धरणाचे असो की हिडकलचे. क्लोरीन आणि क्षार दोन्ही वाळताना कडेला रेघ सोडतात. आधी मागच्या मुखपृष्ठाच्या कोपऱ्यावर, जिथे तोच छापील रंग आहे तिथे, करून पाहावे. कापसावर छपाईचा रंग आला तर तिथेच थांबायचे. वार्निश तडकलेल्या जागी पाणी घालणे म्हणजे तो रंग स्वतः आत ढकलणे, म्हणून कण्याच्या रेघांवर हा प्रयोग करू नये.

स्केचपेनला पाणी अजिबात लावू नये. त्याची शाई पाण्याचीच; ओल लागली की ती चहूकडे पसरते. मार्करचा रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुटतो हे खरे, आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ते ९९ टक्क्यांचे मिळतेही. पण सुटलेला रंग जातो कुठे? खाली, कागदात. जाणकार हे काम मुखपृष्ठ पिना काढून सुटे करून, खाली टिपकागद किंवा हवा ओढणारे टेबल ठेवून, मागच्या बाजूने थेंबाथेंबाने करतात, म्हणजे रंग कागदात न मुरता टिपकागदात उतरतो. त्यातही अल्कोहोलने मूळ वार्निश विरघळून मंद डाग राहू शकतो, आणि काही छापील लाल-गुलाबी शाया अल्कोहोलमध्ये पाझरतात. घरच्या टेबलावर हे करणाऱ्याच्या हाती डाग, डागाभोवती कडे आणि मागून नवा डाग, एवढे उरते. ॲक्रिलिक आणि व्हाइटनर कधीकधी वार्निशवरून भिंगाखाली धारदार पात्याने पापुद्र्याने उचलता येतात, पण पाते घसरले तर मूळ छपाईच खरवडली जाते.

खरवडण्यावरून आठवले: काही विक्रेते रंगकामाचा ठपका नको म्हणून रंगवलेली कड चक्क कापून टाकतात किंवा कोपरा खरवडून पांढरा करतात. कापलेली प्रत रंगवलेल्या प्रतीपेक्षा कमी वाईट, असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. रुंदी त्याच मालिकेच्या दुसऱ्या प्रतीशी मोजली की कापणी कळते, आणि ताज्या कापलेल्या कडेचा रंग इतर दोन कडांपेक्षा पांढरा असतो.

मग फाटलेल्या, तुकडा गेलेल्या मुखपृष्ठाचे करायचे तरी काय? तिथे एक नियम पक्का धरावा. रंग ठिगळाला लावायचा, मूळ कागदाला कधीच नाही. जपानी टिश्यू नावाचा लांब तंतूंचा पातळ कागद मागवता येतो. मुखपृष्ठासाठी दर चौरस मीटरला ८ ते १२ ग्रॅम वजनाचा पुरतो. त्याला आधी वेगळे ठेवून, खूप पातळ केलेल्या ॲक्रिलिकने आजूबाजूच्या रंगाच्या जवळपासची छटा द्यावी आणि दिवसभर पूर्ण वाळू द्यावा. हुबेहूब जुळवायचा हट्ट नको. किंचित फिका असलेला बरा, म्हणजे हात लांबून डोळ्यात खुपत नाही आणि जवळून दुरुस्ती दुरुस्तीच दिसते. तुकडा कात्रीने न कापता ओली रेघ मारून हाताने फाडावा. कडेचे तंतू मोकळे राहिले की जोड जाड होत नाही. गेलेल्या भागापेक्षा तो चहूकडून २ ते ३ मिलिमीटर मोठा घेऊन मागच्या बाजूने चिकटवायचा.

चिकटवायला फेविकॉल नको, चिकटपट्टी तर नकोच. आणि बांधणीवाल्याकडची नेहमीची खळही नको, कारण तिला कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मोरचुदातले तांबे कागदाला वर्षानुवर्षे हळूहळू खात राहते; जुन्या वह्यांच्या कण्याजवळचा तपकिरी, मोडका पट्टा पाहिला असेल तर त्याचे एक कारण हे. लागतो तो गव्हाचा निव्वळ स्टार्च, आणि तो कसा काढायचा हे आपल्याकडे कुरडया करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारावे. तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवलेले गहू वाटून, गाळून, रात्रभर ठेवले की खाली पांढरा चीक बसतो. कुरडईसाठी तो आहे तसा मीठ-हिंग घालून शिजवतात. कागदासाठी मीठ-हिंग नाही. उलट वरचे पाणी ओतून नवे घालायचे, ढवळायचे, पुन्हा बसू द्यायचे, असे आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत तीन-चार वेळा. गव्हातला चिकट भाग आणि आंबटपणा दोन्ही निघून गेले पाहिजेत, नाहीतर झुरळे आणि कसर त्यावरच येतात. चीक वाळवून ठेवता येतो.

एक भाग वाळलेला चीक, पाच भाग डिस्टिल्ड पाणी. अर्धा तास भिजवून मंद आचेवर सतत ढवळत २० ते २५ मिनिटे. दुधाळपणा जाऊन खळ अर्धपारदर्शक झाली की उतरवावी, पूर्ण गार करावी, बारीक कापडातून दोनदा गाळावी आणि लावताना पाणी घालून पातळ सायीइतकी करावी. घट्ट लावली तर ठिगळ आखडून मुखपृष्ठ वळते. फार पातळ केली तर पाणी छपाईकडे धावते आणि कडेला रेघ उमटते. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते. वास बदलला की फेकून द्यावी. ठिगळ लावल्यावर वर-खाली पातळ सिंथेटिक साडीचा तुकडा, त्यावर टिपकागद, त्यावर काच आणि वजन. उन्हाळ्यात दोन तास बास होतात. पावसाळ्यात दर तासाने टिपकागद बदलत रात्रभर ठेवावे लागते. खरे तर जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढूच नये, खानापूरकडे तर मुळीच नाही. हवाच इतकी ओली असते की खळ वाळण्याआधी बुरशी धरते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा काळ चांगला.

पावसाळ्याचा विषय निघाला म्हणून आणखी एक. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर जिल्ह्यात कितीतरी घरांतून ओली पुस्तके गच्च्यांवर वाळत पडली होती. पाणी प्रत्यक्ष शिरले नाही तरी भिंतीची ओल पुरेशी असते. छापील तेलकट शाई दमट हवा सोसते, स्केचपेन सोसत नाही. स्केचपेनने रंगवलेली प्रत गठ्ठ्यात दाबून ठेवली तर तिचा रंग शेजारच्या चांगल्या प्रतीच्या मुखपृष्ठावर उतरतो. म्हणून पुरवणी वाचून कुणी पेन फिरवलेच असेल, तर त्यांनी ती प्रत लगेच वेगळी काढावी, वर-खाली एकेक टिपकागद ठेवावा, वर वजन ठेवू नये, आणि भिंतीला चिकटलेल्या कपाटाऐवजी हवेशीर फळीवर उभी न ठेवता आडवी ठेवावी. पिशवी घालायची तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टरची. जुन्या प्लास्टिक कव्हरांचे मऊ पीव्हीसी शाईला चिकटते; ओढून काढताना चित्र प्लास्टिकवर येते, आणि मग लोक त्या जागी पुन्हा मार्कर फिरवतात.

शेवटी विक्रीचे. अमेरिकेत २००० पासून कॉमिक्सची प्रतवारी करून ती सीलबंद प्लास्टिकमध्ये देणाऱ्या सीजीसी या कंपनीकडे रंगकाम सापडलेल्या प्रतीला सामान्यतः जांभळे लेबल मिळते, आणि तशी प्रत त्याच दिसण्याच्या अस्पर्श प्रतीपेक्षा पुष्कळ कमी किमतीला जाते. तिथे काम किती प्रमाणात आहे हे तर लिहितातच, शिवाय ते किती चांगल्या दर्जाचे आहे हेही लिहितात. आपल्याकडे इतकी शिस्त नाही, पण विकत घेणारे आता तेच निकष लावू लागले आहेत. पांढऱ्या रेघा असलेली प्रामाणिक प्रत विकली जाते. रंगवलेली प्रत एकदा उघडकीला आली की केवळ ती प्रतच नव्हे, तर त्या विक्रेत्याचा सगळा गठ्ठा संशयात येतो. दुकान थाटून विकणाऱ्याने मालाच्या दर्जाबद्दल खोटे सांगणे हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी व्यवहार ठरू शकतो, हेही लक्षात असावे. घरातली चार पुस्तके विकणाऱ्याला कायद्याची भीती घालण्यात अर्थ नाही. त्याला बहुतेक वेळा माहीतच नसते की रंगवणे सांगायचे असते.

म्हणून विकताना पिशवीत एक चिठ्ठी घालावी, एवढेच आमचे मागणे. कुठे, किती, कशाने: उदाहरणार्थ, "कण्यावर वरच्या पिनेजवळ सुमारे १ सेंमी काळा मार्कर, आत पाझरलेला, मागच्या मुखपृष्ठाचा खालचा कोपरा पोस्टर कलर, बाकी रंगकाम आढळले नाही, कड कापलेली नाही." काम कुणी केले ते माहीत नसेल तर तसे लिहावे. चिठ्ठी पेन्सिलीने, पातळ कागदावर, पिन किंवा चिकटपट्टी न लावता सुटी ठेवावी. चिठ्ठीची पिन गंजून मुखपृष्ठाला भोक पाडते, असेही पाहण्यात आहे. घेणाऱ्याने चिठ्ठी नसेल तर मागावी, आणि कुठल्याही प्रतीला हात लावण्याआधी मागची बाजू बघायची परवानगी मागावी. ती न देणाऱ्याकडून प्रत घेऊ नये.

आपल्या छोट्या जाहिरातींत जुनी पुस्तके आणि कॉमिक्स विकायला असल्याच्या ओळी नियमित येतात. त्या घेताना आपल्या कार्यालयाने जाहिरातदाराला रंगकाम आहे की नाही एवढे विचारून ते दोन शब्द जाहिरातीत छापले, तर बेळगाव-निपाणी पट्ट्यातला हा व्यवहार बराच सरळ होईल. पुरवणीतही स्केचपेनच्या सल्ल्याची दुरुस्ती मेअखेरीपर्यंत, पाऊस लागायच्या आत, छापावी ही विनंती.

आपले,
जुन्या कॉमिक्सचे काही संग्राहक आणि बांधणीकार,
बेळगाव